दाखवायची बाटली

आमच्या अपघात विभागावर एकतीस वर्षं राज्य केलेल्या बाईला पाठीमागे सगळे 'तुरटी' म्हणायचे. नाव ठेवलं एका न्हाव्यानं. वस्तऱ्यानं त्यानं स्वतःचाच अंगठा चिरून घेतला होता आणि टाके घालताना बोंबलत होता. बाई म्हणाली, "गिऱ्हाइकाला 'मान हलवू नका' म्हणून दरडावतोस ना? मग आता तू हात हलवू नकोस." जाताना तो मला हळूच म्हणाला, "ब्रदर, ही बाई म्हणजे तुरटीचा खडा आहे. रक्त थांबवते, पण झोंबते फार." तोंडावर मी तिला 'सिस्टर' म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथे करणार नाही. एकोणीस वर्षं केलं, तेवढं पुरे.

ती निवृत्त झाली त्या दुपारी सभागृहात एकेक जण उठून गळे काढत होता. कुणीतरी म्हणालं, त्या आम्हाला आईसारख्या होत्या. आईसारख्या! कुणाची आई चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून दहा लोकांसमोर अख्खा पलंग पुन्हा लावायला लावते? कुणाची आई तुमच्या लग्नाच्या रजेच्या अर्जावर 'चार दिवस कशाला?' असं लिहून दोनच मंजूर करते? माझं नाव पुकारलं तेव्हा मी घशाकडे बोट दाखवलं, बसलाय म्हणून. घसा ठणठणीत होता. पण एकदा बोलायला लागलो असतो तर कुठे थांबलो असतो, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

दिसायला बुटकी, मनगटं मात्र पहिलवानाची. पांढरे कॅनव्हासचे बूट घालायची आणि चालताना त्यांचा आवाज म्हणून व्हायचा नाही. आपण औषधाच्या कपाटापाशी दोन मिनिटं टेकलो की मागून आवाज यायचा, "कपाट पडणार नाही, सोड त्याला." नर्सिंगला ती काही सेवाभावानं वगैरे आली नव्हती. तिला टेलिफोन खात्यात लागायचं होतं. आवाज कर्कश आहे म्हणून तिथे नापास केलं, असं तिनंच एकदा सांगितलं आणि सांगता सांगता त्या परीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोकांना अशा बाईच्या मागे काहीतरी दुःख शोधायची भारी हौस असते. एक नवी नर्स मला म्हणाली, "त्यांची आई बाळंतपणात रक्त जाऊन वारली असेल, म्हणून त्या अशा झाल्या असतील." मी म्हटलं, बाई गं, तिची आई चौऱ्याऐंशी वर्षं जगली आणि लेकीपेक्षा दुप्पट खवट होती.

त्या म्हातारीला मी पाहिलंय. रजेच्या त्याच अर्जावर सही घ्यायला तुरटीच्या घरी गेलो होतो. छापखान्याच्या वर दोन खोल्या, यंत्र सुरू झालं की टेबलावरचे कप थरथरायचे. खिडकीत ते पांढरे बूट धुऊन वाळत ठेवलेले. नवरा म्हणजे गरीब गाय. "बसा ना, चहा घ्या," एवढंच तो म्हणाला, तर ही आतून म्हणाली, "तो बसायला आलेला नाही." पलंगावरच्या म्हातारीला उठताही येत नव्हतं, पण माझ्या हातातला कागद बघून तीही म्हणाली, "हा पळायच्या बेतात दिसतोय." मायलेकी एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा.

आता कामाचं सांगतो, कारण बाकी कशात नाही तरी कामात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. हे कबूल करताना मला त्रास होतो, तरी करतो.

मी लागलो तेव्हा भळभळा रक्त गेलेला पेशंट आला की एकच मंत्र होता. दोन्ही हातांना दोन जाड सुया, दोन बाटल्या सलाईन आणि क्लॅम्प पूर्ण उघडा. क्लॅम्प म्हणजे नळीवरचं दाते असलेलं चाक. ते फिरवलं की थेंब वाढतात किंवा थांबतात. बीपी खाली दिसलं की ओता पाणी, वर येईपर्यंत ओता, हेच आम्हाला शिकवलं होतं. यात तुरटी सगळ्यांत चपळ. पेशंट स्ट्रेचरवरून पलंगावर येईपर्यंत हिची एक सुई आत गेलेली असायची.

मग एक दिवस फरशी पुसणारी मावशी फडकं पिळता पिळता म्हणाली, "सिस्टर, एक विचारू का? काही लोकांचं रक्त फरशीला धरतं, खरवडून काढावं लागतं. काहींचं नुसतं पाण्यासारखं निघून येतं, एका हातात. ज्यांचं असं निघतं ना, ती माणसं जगत नाहीत." मी हसलो. तुरटी हसली नाही. पुढचे कितीतरी महिने ती पेशंट तिथून हलवला की पलंगाखाली उकिडवी बसायची आणि हातमोज्याचं बोट फरशीवरच्या रक्ताला लावून बघायची. आम्हाला वाटलं बाईचं डोकं फिरलं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ज्यांचं रक्त धरत नव्हतं, त्यांना आम्ही सगळ्यांत जास्त बाटल्या पाजलेल्या असायच्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्याकडे नव्या भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. वयानं लहान. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की सलाईन म्हणजे रक्त नव्हे. ते प्राणवायू नेत नाही, उरलेलं रक्त पातळ करतं, अंग गार पाडतं आणि मग रक्त गोठायचंच थांबतं. जखम बंद होईपर्यंत बीपीच्या आकड्यामागे धावू नका, जेमतेम लागेल तेवढंच द्या आणि रक्त लवकर चढवा. जुने डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी शेजारच्याच्या कानात म्हटलंसुद्धा. आता तुरटी हिला कच्चं खाणार म्हणून आम्ही सावरून बसलो. तुरटी उठली आणि म्हणाली, "हे आमच्या मावशीला कधीचं ठाऊक आहे. तुम्हाला त्यासाठी एवढी पुस्तकं वाचावी लागली?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं पद्धत बदलली.

आम्हाला तिनं समजावलं ते तिच्या भाषेत. "शरीर तुमच्याइतकं मूर्ख नाही. रक्त कमी पडलं की आधी कातडीचा पुरवठा तोडतं, म्हणून माणूस गार लागतो. मग आतड्यांचा. मग किडन्यांचा, म्हणून लघवी थांबते. हृदय आणि मेंदू शेवटपर्यंत सांभाळतं. जिथं फाटलंय तिथं खपली धरत असते. तुम्ही पाणी ओतून दाब वाढवला की ती खपली उडाली, आणि जे होतं तेही गेलं. मनगटाला नाडी लागतेय आणि माणूस बोलतोय, तेवढं पुरे." मग बोट रोखून, "फक्त डोक्याला मार असेल तर हे चालणार नाही. तिथे दाब पडू द्यायचा नाही. आणि हे तासन् तास ताणायचंही नाही. आपण फक्त ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचवायचं. किडन्या फार वेळ उपाशी राहत नाहीत." समोरच्या पोरींनी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी आहे असं म्हणून तिनं ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

अडचण झाली ती नातेवाइकांची. माणसाचं रक्त जातंय आणि वरती बाटली लटकलेली नाही, हे कुणाला सहन होणार? सलाईन लावलं की उपचार सुरू झाले, ही लोकांची पक्की समजूत. एकदा एकाच्या मेव्हण्यानं दाराची काच फोडली, "सलाईनपण लावत नाहीत साले!" म्हणून. तुरटीनं त्याच्या हातातली काच काढली, पट्टी बांधली, वर त्याला सुनावलं, "तुझं रक्त थांबवलं, आता तोंडही थांबव." पण त्या गडबडीत पलंगावरच्याकडे पाच मिनिटं कुणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं तोडगा काढला. रक्तस्रावाच्या पेशंटला दुसऱ्या सुईवर दोन बाटल्या लटकवायच्या, नळी भरायची, क्लॅम्प गच्च बंद. दारातून दिसतील अशा. त्यांना आम्ही 'दाखवायची बाटली' म्हणायचो.

मला ती शुद्ध लबाडी वाटायची. तरी लावायचो. शेकड्यांनी लावल्या असतील. त्या बघून बाहेरची माणसं बाकावर टेकायची आणि एकमेकांना सांगायची, "चालू झालं हं सलाईन."

तो मंगळवार होता, माझी साप्ताहिक सुट्टी. सकाळी अकराच्या सुमारास दादाच्या मुकादमाचा फोन आला. दादा, माझा मोठा भाऊ, इमारतींना रंग द्यायचं काम करायचा. परांचीची फळी सरकली आणि तिसऱ्या मजल्यावरून तो विटांच्या ढिगावर कमरेवर आपटला होता. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. त्यानं ब्रश हातात धरला आणि मला शिकवलं. मी नर्सिंगला गेलो तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, बायकांचं काम म्हणून. दादा म्हणाला, "तुमच्या ढुंगणाला सुई टोचायची वेळ आली की बघू." जगात मला कुणी माझं होतं तर तो होता.

मी पोचलो तेव्हा तो तीन नंबरच्या पलंगावर होता. तुरटीनं त्याचे कपडे कापून काढले होते, कमरेभोवती चादर गच्च आवळून बांधली होती, दोन्ही सुया लागल्या होत्या. मुकादमाला आणि रंगाऱ्यांना तिनं हाकलून दिलं होतं. माझी वहिनी काचेच्या दाराबाहेर ओठ दाताखाली धरून उभी होती. मलाही तुरटी बाहेर काढणार असं वाटलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तू आत थांब. ओटीपोटाचं हाड फुटलंय, रक्त आतल्या आत जातंय. डोक्याला मार नाही. थिएटरमध्ये एक पोट उघडं आहे, वीस मिनिटं लागतील. रक्तपेढीला सांगितलंय."

मॉनिटरवर बीपी अठ्ठ्याहत्तर होतं. दादा राखेसारखा पडला होता, पण शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "छोट्या, पश्चिमेकडची भिंत अर्धीच राहिली रे. एक हात मारलाय, तशीच दिसणार ती आता." मी म्हटलं, "दादा, बोलू नकोस." तुरटी म्हणाली, "बोलू दे त्याला. बोलतोय तेच बरं आहे."

आणि तेव्हा माझी नजर वर गेली. स्टँडवर दोन बाटल्या. नळी भरलेली. क्लॅम्प गच्च बंद.

तळपायाची आग मस्तकात गेली. मला? दाखवायची बाटली मला? ज्यानं ही बनवाबनवी स्वतःच्या हातानं शेकडो वेळा केली, त्याच्याच भावाच्या उशाशी ही बाई तेच सोंग लावून उभी राहते आणि मी गप्प बसेन असं समजते? मी म्हटलं, "सिस्टर, क्लॅम्प उघडा."

"नाही."

"अठ्ठ्याहत्तर आहे!"

"दिसतंय मला. मनगटाला नाडी आहे. बोलतोय. म्हणजे मेंदूला पोचतंय. रक्त येईपर्यंत एवढ्यावर न्यायचं."

"किडन्या जातील त्याच्या!"

"किडन्या रक्तानं वाचतील, मिठाच्या पाण्यानं नाही. उभं राहायचं तर तोंड मिटून राहा."

तिनं रक्तपेढीला पुन्हा फोन लावला. तिकडे कुणी उचलेना. तिनं रिसीव्हर आदळला आणि माझा हात धरून दादाच्या मनगटावर ठेवला. "मीच घेऊन येते. पाच-सात मिनिटं. नाडीवरचं बोट काढू नकोस. ती गेली तर त्या पोरीला हाक मार, बाकी काही करू नकोस." पोरगी म्हणजे नवी नर्स, शेजारच्या पलंगावर एका म्हाताऱ्याला ऑक्सिजन लावत होती. तुरटी गेली.

नाडी बारीक, दोऱ्यासारखी लागत होती. पण लागत होती, हे मला लिहिलंच पाहिजे. दादा म्हणाला, "थंडी वाजतेय रे." मी सगळं जाणत होतो. फरशी, मावशी, खपली, सगळं. आणि ते सगळं जाणणारा मी त्या मिनिटाला कुठे गेलो होतो कुणास ठाऊक. डोक्यात एवढंच होतं की हिनं मला फसवायला ठेवलेली बाटली मी हिच्याच तोंडावर रिकामी करून दाखवीन. मी अंगठ्यानं चाक वर ढकललं. बाटली दोन्ही हातांनी पिळली. ती संपल्यावर दुसरी लावली आणि तीही पिळली.

अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव. एकशे बारा. दादाच्या ओठांवर रंग आला. "आता बरं वाटतंय रे," तो म्हणाला, आणि त्यानं दाराकडे हात वर केला. काचेपलीकडे वहिनी रडता रडता हसली. मी मनात म्हटलं, ये आता म्हातारे, बघ. तीन-चार मिनिटं मी इतका खूश होतो की पुढे आयुष्यात तसा कधी झालो नाही, व्हायचाही नाही.

मग तो थडथडायला लागला. पोट फुगून घट्ट झालं. नव्वद, साठ, आणि मग पडद्यावर आकडा येईचना. तो काहीतरी बोलत होता ते मध्येच थांबलं. माझ्या बोटाखाली नाडी नव्हती.

तुरटी धावत आली. गारवा उतरावा म्हणून दोन्ही बगलांत एकेक रक्ताची पिशवी दाबून धरलेली. तिनं चपट्या झालेल्या बाटल्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. अंगठ्यानं क्लॅम्प बंद केला, रक्त जोडलं आणि म्हणाली, "पलंग ढकल." थिएटरपर्यंत आम्ही दोघांनी तो ढकलत नेला. त्याच्या हाताला सुईच्या जागेतून फुटलेली रक्ताची धार वाटभर फरशीवर सांडत होती. सर्जननं आत पट्ट्या कोंबून रक्त कसंबसं दाबलं. तेरा पिशव्या लागल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गोठतच नव्हतं हो, नुसतं पाणी झालं होतं." मी परत आलो तेव्हा मावशी तीन नंबरपासून थिएटरपर्यंतचा तो पट्टा पुसत होती. एका हातात निघत होता. तिनं मान वर केली नाही.

दादा सहा दिवस होता. हृदय चाललं, मेंदूही चालला असावा, कारण हाक मारली की डोळे उघडायचा. नळी तोंडात होती म्हणून बोलला मात्र नाही. किडन्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. मी पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसायचो. पहिल्या दिवशी तळाला दोन चमचे गढूळ काहीतरी, नंतर तेही नाही. रक्त धुवायचं यंत्र लावलं. दर तासाला मी वाकून पिशवी बघायचो आणि वहिनी विचारायची, "आली का, भाऊजी?" सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता तो गेला.

पंधरा दिवसांनी वहिनीनं अधीक्षकांकडे तक्रार दिली. बाटली वर लावून बंद ठेवली होती, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या दिरांनी उघडली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला, त्यांनी मला हात केला. मग ती बाई आली आणि तिनं पुन्हा बंद केली, आणि माझा माणूस गेला. असं सगळं लिहिलं होतं. तिनं जे पाहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चौकशीला तिघांना बोलावलं. अधीक्षकांच्या खोलीत मी वहिनीच्या शेजारी बसलो होतो, तुरटी समोर उभी. बस म्हटलं तरी बसली नाही. तिनं त्या दिवशीचा कागद पुढे केला. त्यावर वेळ घालून लिहिलं होतं: 'नातेवाइकाने क्लॅम्प उघडला. अंदाजे एक लिटर गेले. सात मिनिटांनी बीपी लागत नाही.' नातेवाइकाने. ब्रदरने असं लिहिलं असतं तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती.

अधीक्षक म्हणाले, "बाटली बंद का होती?"

"मी बंद ठेवायला सांगितली होती. उघडायची नव्हती."

"मग लावली कशाला?"

"बाहेरच्यांसाठी. ह्यांच्यासाठी." तिनं वहिनीकडे हात केला. "दारातून दिसत होती. धीर राहावा म्हणून."

माझ्यासाठी लावलेलीच नव्हती. ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

अधीक्षक माझ्याकडे वळले. "तुम्ही इथलेच आहात. तुम्हाला यातलं कळतं. उघडायला हवी होती की नको होती?"

वहिनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मी टेबलावरच्या काचेखालच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "साहेब, त्या वेळी मला काही सुचत नव्हतं."

तुरटीनं वाट पाहिली. मी आणखी काही बोलतो का, याची खरोखर वाट पाहिली. मग म्हणाली, "चूक माझी आहे, लिहून घ्या. मी नातेवाइकांना आत ठेवत नाही. त्या दिवशी ठेवलं." का ठेवलं, ते सांगितलं नाही. अधीक्षकांनी दाखवायच्या बाटल्या त्या दिवसापासून बंद केल्या आणि तिला लेखी ताकीद दिली. एकतीस वर्षांत पहिली, निवृत्तीला सात महिने राहिलेले असताना.

संध्याकाळी मी तिला औषधाच्या खोलीत गाठलं. ती कपाटात इंजेक्शनं लावत होती. मी म्हटलं, "माझं नाव का नाही लिहिलंत?"

"आधीच दोन माणसं कमी आहेत माझ्याकडे. तिसरा कुठून आणू?"

"सिस्टर, मी उघडली नसती तर तो जगला असता?"

"ठाऊक नाही."

"असं कसं ठाऊक नाही? तुम्हाला सगळं ठाऊक असतं."

"असे काही जगतात, काही नाही जगत. तो कुठल्यांत होता ते आता कळायचं नाही."

"मग खोटं तरी बोला."

ती वळली. "कुठलं खोटं हवंय तुला? तुझ्यामुळे गेला हे, की तुझ्यामुळे गेला नाही हे?" मी कपाटाला टेकलो. ती म्हणाली, "मग ते कपाट सोड आणि चार नंबरचं ड्रेसिंग कर."

पुढचे सात महिने मी तिच्या हाताखाली काम केलं आणि रोज तिला पाण्यात पाहिलं. ज्याचं आपण वाईट केलेलं असतं त्याचा राग माणसाला सुटत नाही, हे मला आता कळतं, पण कळून तो राग काही कमी होत नाही. तिनं मला बाहेर काढायला हवं होतं. मुकादमाला काढलं तसं, वहिनीला काढलं तसं, मानेला धरून. साऱ्या आयुष्यात तिनं एका माणसाला सवलत दिली, आणि तो मी निघालो. या एका गोष्टीसाठी मी तिला कधी माफ करणार नाही.

आता तिच्या जागेवर मी आहे. ती मुलीकडे राहते म्हणे, दूर कुठेतरी. मी चौकशी केली नाही.

वहिनी महिन्यातून एकदा तरी आमच्याकडे येते. परवा माझ्या बायकोच्या बहिणीसमोर विषय निघाला. वहिनी तिला सांगत होती, "ती बाई तशीच ठेवणार होती हो त्यांना, कोरडं. आमचे भाऊजी आत होते म्हणून. भाऊजींनी बाटली सोडली आणि त्यांच्या तोंडावर अस्सा रंग आला! मला हात केला त्यांनी. तेवढं तरी मिळालं मला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो ना, भाऊजी?"

"हो," मी म्हणालो.